'फी कोर्सप्रमाणे राहील'

एका ग्राहकासाठी मी विद्यार्थी, कोर्स आणि फी यांचा डेटाबेस डिझाइन करत होते. त्यात काय काय हवं हे सांगणाऱ्या त्यांच्या चौदा पानांच्या रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये नवव्या पानावर एक वाक्य होतं: 'विद्यार्थ्याची फी कोर्सप्रमाणे राहील.' या चार शब्दांनी माझे अकरा दिवस खाल्ले.

बाकीचं सरळ होतं. नामांखाली रेघा मारल्या (त्यांची टेबलं होतात), क्रियापदांना गोल केले (त्यांतून टेबलांची नाती कळतात), आणि पहिल्या संध्याकाळी विद्यार्थी, कोर्स, बॅच, शिक्षक, पावती अशी टेबलं कागदावर उभी राहिली. एक विद्यार्थी अनेक बॅचमध्ये, एका बॅचमध्ये अनेक विद्यार्थी, म्हणून मध्ये दोघांना जोडणारं 'प्रवेश' टेबल, एका विद्यार्थ्याच्या एका बॅचमधल्या प्रवेशाची एक ओळ. झालं.

फी कोर्सवर ठरते, म्हणून तिचा कॉलम मी कोर्सच्या टेबलात ठेवला. प्रवेशाच्या प्रत्येक ओळीत तीच फी पुन्हा लिहिली, तर डेटाबेस शास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७१ साली मांडलेला थर्ड नॉर्मल फॉर्म मोडला असता, म्हणजे माहिती ज्याच्यावर ठरते त्याच्याच टेबलात ठेवायची, हा नियम. एवढं नेटकं डिझाइन जमलं म्हणून मी जरा ताठ मानेनेच हिंडत होते.

मग खोटा डेटा भरून बघितलं. एका मुलीचा जूनमधला प्रवेश, फी ८,०००, सगळी भरलेली. कोर्सची फी वाढवून १०,००० केली, एका ओळीचं अपडेट. कोणाची किती फी बाकी याचा रिपोर्ट काढला तर मुलगी २,००० ची थकबाकीदार!

ग्राहकाला मेलवर विचारलं: फी मध्येच वाढली तर जुन्या विद्यार्थ्यांना कोणती लागू? चार दिवसांनी उत्तर आलं, 'फी कोर्सप्रमाणेच राहील. कृपया डॉक्युमेंट पाहावे.' अहो, तेच पाहून तर विचारतेय! दुसरा मेल मी रागाच्या भरात लांबलचक लिहिला, त्यात 'ट्रान्झिटिव्ह डिपेन्डन्सी' (एक गोष्ट दुसरीमार्फत तिसरीवर ठरणं) हा शब्दही घातला. त्यावर सात दिवसांनी दोन शब्द: 'मान्य आहे.' काय मान्य आहे?

शेवटी चिडून तीन ओळींचा तक्ता पाठवला. जूनमध्ये प्रवेश, तेव्हाची फी ८,०००. सप्टेंबरमध्ये कोर्सची फी १०,०००. या विद्यार्थिनीची एकूण फी: रिकामी चौकट. दहा मिनिटांत तिकडच्या मॅडमचा फोन. "अहो, आठच ना! प्रवेश घेतला तेव्हाची. आणि तिची बहीण असेल तर साडेसात, बहिणीला सवलत असते." सवलत! चौदा पानांत हा शब्द एकदाही नव्हता.

म्हणजे फी एक नव्हतीच, दोन होत्या. कोर्सची चालू फी कोर्सच्या टेबलात, आणि या विद्यार्थ्याला आकारलेली फी 'प्रवेश'च्या ओळीत. आकडे बहुतेकदा सारखे दिसतात, म्हणून ती पुनरावृत्ती वाटते. पण आकारलेली फी त्या प्रवेशावर ठरते, त्यामुळे नॉर्मल फॉर्म कुठेही मोडत नाही. सहकारी म्हणाला, तारखांसकट फीच्या इतिहासाचं टेबल कर, प्रवेशाच्या तारखेवरून फी शोधता येईल. आली असती, पण बहिणीचे साडेसात त्यात कुठे सापडणार?

तेव्हापासून प्रश्न विचारायचा तर मी भरलेल्या ओळी आणि एक रिकामी चौकट पाठवते. टेबलांची आकृती ग्राहकाला दाखवून उपयोग नाही, 'छान आहे' म्हणतात.

हो, पैशाच्या कॉलमसाठी फ्लोट प्रकार नको, तो अपूर्णांक अंदाजे साठवतो; नेमका साठवणारा डेसिमल घ्या. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, आणि हिशेबनीस एका पैशाचा फरकही सोडत नाहीत. फोन नंबर टेक्स्टमध्ये, नाहीतर सुरुवातीचं शून्य उडतं. डॉक्युमेंटमध्ये 'सहसा' दिसलं की थांबून अपवाद विचारा. 'असल्यास' दिसलं की तो कॉलम नल, म्हणजे रिकामा, राहू शकतो. आणि 'विद्यार्थी काढून टाकता यावा' यावर भाबडेपणाने कॅस्केड डिलीट (एक ओळ पुसली की तिला जोडलेल्या ओळीही आपोआप पुसणं) लावू नका. त्याच्यामागे पावत्याही जातील. मी लावलं होतं, खोट्याच डेटावर, म्हणून निभावलं.

फीचं मिटल्यावर मॅडमनी सहज विचारलं, "बॅच बदलली तर फी तीच राहते, ते घेतलंय ना?" नव्हतं घेतलं. त्याच दुपारी नवा तक्ता पाठवला, चार ओळी, दोन रिकाम्या चौकटी.