अनगोळच्या परड्यातला खंडोबा

जुलैच्या सुरुवातीला, आम्ही बेळगावात अनगोळला पोचून चार दिवसही झाले नव्हते, तोवर आई सुरी घेऊन परड्यात कढीपत्त्याच्या झाडाशी उभी. फांदीला फेस वाळून घट्ट झाल्यासारखा एक तपकिरी गोळा चिकटला होता. ती तो खरवडणार इतक्यात माझी आठ वर्षांची लेक पायरीवरून ओरडली, "आज्जी, नको! त्यात पिल्लं आहेत!"

"कसली गं पिल्लं? झाडाचा रोग हाय त्यो. दरवर्षी काढून टाकते की मी."

चाळीस वर्षं त्या परड्यात वावरलेल्या आईला जे ठाऊक नव्हतं, ते फिलाडेल्फियाजवळ वाढणाऱ्या पोरीनं लांबून ओळखलं. मला अभिमान वाटला आणि थोडं लागलंही. कारण तिला हे कसं कळलं ती गोष्ट माझ्या बाजूची नाही.

तीन वर्षांपूर्वी मी तिकडे बागेच्या सामानाच्या दुकानातून प्रार्थनाकीटकाच्या, म्हणजे आपल्याकडच्या खंडोबाच्या किड्याच्या, अंड्यांचा कोश आणला होता. हो, विकत. डबीवर 'नैसर्गिक कीडनियंत्रण' असं छापलेलं. घेवड्यावर मावा पडला होता आणि मला औषध मारायचं नव्हतं. जाळी लावलेल्या बरणीत कोश स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. महिन्याभरात शंभरावर पिल्लं निघाली आणि संध्याकाळी बाहेर नेईपर्यंत एकमेकांना खाऊही लागली. उरली ती घेवड्यावर सोडली. सप्टेंबरपर्यंत त्यांतले काही माझ्या बोटाहून लांब झाले. माव्याकडे ते बघतही नव्हते. झेंडूवर दबा धरून मधमाश्या खात होते. एकानं माझ्या डोळ्यांदेखत मोनार्क फुलपाखरू धरलं आणि डोक्याकडून खायला सुरुवात केली.

शेजारच्या सत्तरीच्या बाई कुंपणाशी आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "हा इथला नाही."

बेळगावच्या माणसाला हे वाक्य कसं लागतं ते तुम्हाला सांगायला नको. 1956 पासून आपण कुणाचे हा वाद घराघरात आहे, त्यातच आपण वाढलो. त्या सांगत होत्या, हा चिनी प्रार्थनाकीटक, 1896 मध्ये इथंच फिलाडेल्फियाजवळ पहिल्यांदा सापडला. इथला मूळचा तो कॅरोलिना जातीचा, चणीनं लहान, करडा किंवा हिरवा. हा मोठा त्यालाही खातो. माझा आवाज चढला. सव्वाशे वर्षं झाली की, अजून तो परकाच का? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मी माणसांबद्दल बोलत नाहीये. मी मधमाश्यांबद्दल बोलतेय."

त्या बाईंबद्दल मला लिहायलाच हवं. दर हिवाळ्यात, पानं झडल्यावर, त्या कात्री घेऊन सगळी झुडपं एकेक करून बघतात. चिनी कोश फुगीर, गोल, काटकीभोवती फेसाचा लाडू वळल्यासारखा. कॅरोलिनाचा चपटा, लांबट, सालीला चिकटलेला. पहिला कापून घ्यायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. बर्फात, हातमोजे काढून, बोटानं चाचपून खात्री करतात. पुढच्या वर्षी त्यांनी मला आणि लेकीला बरोबर घेतलं. गोल कोणता, चपटा कोणता, हे लेक तिथंच शिकली. दुसऱ्याच्या मालकीच्या झुडपात एका किड्यासाठी इतकं वाकणारं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं. पण माझीही बाजू आहे. डबीवर जात लिहिलेली नव्हती, आणि मी सोडायच्या आधीही ते तिथं होतेच. फवारणी करण्यापेक्षा मी केलं ते बरं, असं मला अजून वाटतं.

तर अनगोळला तो कोश राहिला. लेकीला बरणी हवी होती, मी दिली नाही. हा इथलाच आहे, त्याला फांदीवरच राहू दे म्हटलं. मला ते म्हणताना फार बरं वाटलं. पण दोनच दिवसांत जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासाठी पंप पाठीला लावून माणूस दारात हजर, तेव्हा गप्प बसावं लागलं. विकतचा खंडोबा आपल्याकडे लागत नाही हे खरं, आणि असलेल्यावर आपण औषध मारतो हेही खरं. आईनंच पंपवाल्याला परत पाठवलं. "पंचमी होऊ दे. आता काही कापायचं न्हाई, मारायचं न्हाई."

नागपंचमीच्या आठवड्यात, पावसानं थोडी उघडीप दिली त्या सकाळी, कोशाखाली धाग्यांचा झुबका लोंबत होता. त्यावर पिवळसर, अळीसारखी पिल्लं लटकलेली. बघता बघता एकेकानं पहिली कात टाकली, पाय मोकळे केले आणि मुंगीएवढ्या अंगाला पुढचे दोन पाय दुमडून घेतले. लेकीनं चौसष्टपर्यंत मोजले. जे खाली पडले ते लाल मुंग्यांनी नेले. ती रडली, आईनं तिला जवळ घेतलं आणि मुंग्यांची वाट हळदीनं अडवली. गडग्यापलीकडून शेजारच्या अक्का कानडीत म्हणाल्या, "सूर्यन कुदुरे!" सूर्याचा घोडा. आई म्हणाली, "आमचा खंडोबाचा किडा." दोघी मग बराच वेळ तिथंच उभ्या होत्या.

परत येताना लेकीनं विचारलं, एक तरी नेऊया का. कस्टमच्या फॉर्मवर फळं, भाज्या, रोपं, बिया, खाणं आणि किडे एकाच प्रश्नात विचारतात. आम्ही खाण्यासाठी 'हो' केलं, कुंद्याचा डबा होता. शेतात गेला होता का, यालाही 'हो', कारण येळ्ळूरला मामाच्या भातलावणीला गेलो होतो. अधिकाऱ्यानं बूट उलटे करून बघितले. लेक म्हणाली, "येळ्ळूरचा चिखल चालत नाही, मग चिनी किडा डबीत कसा विकतात?" मला उत्तर देता आलं नाही. नियम बरोबर आहे, दुकान चूक आहे, असं मी पुटपुटले.

काल आईचा फोन आला. दोनच दिसतात म्हणाली. एक दोडक्याच्या मांडवावर, दुसरा रात्री बाहेरच्या दिव्याखाली बसून पाखरं खातो. दिवा ती आता दहापर्यंत चालू ठेवते.