तुम्ही विचारलंत म्हणून: आयकर रिटर्न स्वतः भरावं की सीएकडे द्यावं?

फॉर्म-१६, म्हणजे पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा मालकाने दिलेला दाखला, हातात पडला की सांगलीत हा प्रश्न हमखास येतो. व्यवसायाचं ऑडिट असेल तर सीए लागतोच. एरवी रिटर्न तुमचं तुम्ही भरू शकता. म्हणून आधी एवढंच बघा: फॉर्म-१६ मध्ये दिसत नाही असं काही उत्पन्न आपल्याला आहे का?

पगार, एक घर आणि बँकेचं व्याज एवढंच असेल, तर आयकर खात्याच्या पोर्टलवर आयटीआर-१ (रिटर्नचा सगळ्यात साधा फॉर्म) बरंचसं आधीच भरलेलं मिळतं. एआयएस (खात्याकडे असलेली तुमच्या उत्पन्नाची नोंद) आणि २६एएस (तुमच्या नावावर जमा कराची नोंद) यांच्याशी ताडून बघा आणि भरून टाका. यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. चुकतं ते पतसंस्थेतल्या ठेवींचं व्याज. सभासदाच्या व्याजावर छोटी पतसंस्था सहसा टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापत नाही, एआयएसमध्येही ते दिसेलच असं नाही. तरी ते करपात्र आहेच. टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलाय.

नोकरीसोबत शेती असेल तर मामला बदलतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त, पण ते वर्षाला ५,००० रुपयांच्या वर गेलं की आयटीआर-१ चालत नाही. नोकरदाराला आयटीआर-२ भरावं लागतं. शिवाय कराचा दर ठरवताना ते धरलं जातं, त्यामुळे पगारावरचा कर वाढू शकतो. ५ लाखांच्या वर असेल तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची की खंडाची, बागायत की जिरायत, हेही लिहावं लागतं. स्वतःच्या रानातली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून अडत्याकडे लावली तर ते शेतीचंच उत्पन्न, कारण तेवढं केल्याशिवाय ती बाजारात जातच नाही. शेजाऱ्याची हळद घेऊन विकली तर तो व्यापार. दोन्हीच्या विक्रीच्या पट्ट्या एकाच पिशवीत असतील तर जाणत्या माणसाकडे जा. जाताना अडतीच्या पट्ट्या, कारखान्याची ऊसबिलं, सातबारा, खत-औषधांच्या पावत्या न्या. 'अंदाजे चार लाख धरा' असं सांगितलं, तर उद्या नोटीस आल्यावर दाखवायला हातात काहीच नसतं.

सीएची खरी गरज पडते ती जमीन विकताना, आणि जायचं ते खरेदीखत होण्याआधी. खेड्यातली शेतजमीन भांडवली मालमत्ता धरली जात नाही, तिच्या नफ्यावर भांडवली नफ्याचा (कॅपिटल गेन्स) कर नाही. पण खेडं कुठलं, हे शहराच्या हद्दीपासूनच्या अंतरावर ठरतं. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५ लाखांवर होती, म्हणून इथे हद्दीपासून ६ किलोमीटरच्या आतल्या जमिनीला कर लागतो. तासगाव, विट्याला ही मर्यादा २ किलोमीटर. हे अंतर सरळ रेषेत मोजायचं, रस्त्याने नाही. वळणाच्या रस्त्याने सात भरणारं रान सरळ रेषेत पाचावर येतं आणि लाखांचा कर लागतो. शेत कर लागणाऱ्या पट्ट्यात असेल आणि वडिलोपार्जित असेल, तर तिच्या १ एप्रिल २००१ च्या किमतीचं मूल्यांकन काढावं लागतं. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या जमिनीला नफ्यावर १२.५ टक्के साधा किंवा मूळ किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून २० टक्के, यातला कमी पडेल तो कर. दुसरी शेतजमीन दोन वर्षांत घेऊन सवलत घ्यायची असेल, तर न वापरलेली रक्कम रिटर्नच्या मुदतीआधी बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवावी लागते. पैसे साध्या बचत खात्यात पडून राहतात आणि सवलत हातची जाते, ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते, कारण ती एका सल्ल्याने टळली असती.

आता कुणाकडे जाऊ नये, ते. रिफंडवर टक्केवारी मागणाऱ्याकडे अजिबात नको. न भरलेलं घरभाडं, न दिलेली देणगी दाखवून तो रिफंड फुगवतो. आयकर खात्याने १४ जुलै २०२५ रोजी देशभरात १५० ठिकाणी अशा मध्यस्थांची तपासणी केली. अनेकांनी रिटर्न भरण्यापुरते ईमेल बनवून नंतर सोडून दिले होते, त्यामुळे नोटिसा कुणी वाचल्याच नाहीत. खोटी वजावट पकडली गेली तर बुडवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत दंड बसू शकतो, आणि तो तुम्हालाच भरावा लागतो.

म्हणून पोर्टलवर मोबाईल आणि ईमेल तुमचाच असू द्या. फी आधी ठरवा. जुनी (जास्त वजावटी मिळणारी) करपद्धत हवी असेल तर तसं स्पष्ट सांगा. मुदत गेली की ती निवडता येत नाही. रिटर्न पाठवण्याआधी उत्पन्न आणि कराच्या हिशेबाचा कागद मागा, प्रत्येक आकडा कुठून आला ते विचारा, आणि पटल्यावरच ओटीपी द्या. भरल्यापासून ३० दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) झालंय का, हे पोर्टलवर स्वतः उघडून बघा, 'झालंय, काळजी नको' असं कुणी सांगितलं तरी.