आमची वाटचाल: लाइन चालू, शाखा बंद

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही दोघा भावांनी नाशिकच्या शालिमारजवळ गाळा घेतला तेव्हा पाटीवर ‘कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती’ एवढंच होतं. असेम्बल केलेले पीसी, यूपीएसच्या बॅटऱ्या, डॉट मॅट्रिक्सच्या रिबिनी. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत केबलिंग करता करता राउटरशी, म्हणजे एका ठिकाणचं नेटवर्क दुसऱ्याला जोडणाऱ्या यंत्राशी, गाठ पडली. राउटर विकण्यात आम्हाला फार काही सुटत नव्हतं. मुंबईचे डीलर आमच्या खरेदीच्या भावात गिऱ्हाइकाला देऊन मोकळे व्हायचे. पण बिघाड झाला की मुंबईहून माणूस यायचा, त्यात त्याचा दिवस जायचा आणि कसारा घाटात अडकला तर दोन. आपला धंदा त्या घाटाने उभा केला, असं दादा अजून म्हणतो.

त्या काळात शाखा मुख्य कार्यालयाला जोडायच्या तर एकतर लीज्ड लाइन, म्हणजे भाड्याची स्वतंत्र तार, नाहीतर फ्रेम रिले, म्हणजे टेलिकॉमवाल्यांचं सामायिक जाळं. लीज्ड लाइन प्रत्येक शाखेला वेगळी लागायची, मुख्य कार्यालयात तितकेच मोडेम आणि तितकीच सिरियल पोर्ट. फ्रेम रिलेमध्ये मुख्य कार्यालयात एकच तार यायची आणि तिच्यातून प्रत्येक शाखेकडे एकेक पीव्हीसी, म्हणजे कायमचा आभासी मार्ग. त्या मार्गाचा नंबर म्हणजे डीएलसीआय. हा नंबर त्या टोकापुरताच असतो, हे नव्या पोरांना समजावताना मी सीबीएसच्या बस स्टँडवर नेऊन उभं करायचो: येवल्याची गाडी इथे ज्या फलाटावर लागते, त्या नंबराचा येवल्याच्या स्टँडवर काही उपयोग नाही. नाशिकच्या राउटरवर येवला १०२ असेल आणि येवल्याच्या राउटरवर नाशिक २०१, तरी मार्ग एकच.

आता राउटरला पाठवायचं असतं आयपी पत्त्यावर, म्हणजे पलीकडच्या यंत्राच्या नेटवर्कमधल्या पत्त्यावर, आणि हातात असतो डीएलसीआय. ही जोडी जमवायला इन्व्हर्स एआरपी ही पद्धत आहे. आरएफसी १२९३ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) मध्ये ती १९९२ साली मांडली गेली, १९९८ मध्ये आरएफसी २३९० ने तिची जागा घेतली. नेहमीच्या एआरपीत आयपी माहीत असतो आणि नेटवर्क कार्डाचा पत्ता विचारायचा असतो. इथे डीएलसीआय माहीत असतो आणि पलीकडचा आयपी विचारायचा असतो. एलएमआयकडून, म्हणजे टेलिकॉमच्या स्विचकडून येणाऱ्या स्थितीच्या निरोपांतून, मार्ग चालू असल्याचं कळलं की राउटर स्वतःच विचारतो, उत्तर आलं की नोंद करतो. सिस्को कंपनीच्या राउटरवर हे सुरुवातीपासूनच चालू असतं. ‘शो फ्रेम-रिले मॅप’ म्हटलं की ओळ दिसते: आयपी, डीएलसीआय १०२, पुढे ‘डायनॅमिक, ब्रॉडकास्ट’ (डायनॅमिक म्हणजे आपोआप शिकलेली नोंद), शेवटी ‘ॲक्टिव्ह’. बसवायला आलेला माणूस ही ओळ बघून चहा मागवायचा.

गिऱ्हाईकही हेच ऐकून आमच्या वार्षिक देखभालीच्या कराराला नाक मुरडायचं. राउटर आपलं आपण शिकतो ना, मग तुम्हाला दरसाल पैसे कशाचे? याचं उत्तर आम्हाला येवल्यात मिळालं.

एका सहकारी संस्थेच्या निफाड, सिन्नर आणि येवला शाखा नाशिकला जोडलेल्या होत्या. काम दुसऱ्या कोणी केलं होतं, आणि वरवर पाहता चांगलं केलं होतं. २००५ नंतरच्या लोडशेडिंगचे दिवस ते. येवल्यात लाइट गेले, यूपीएसच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झालेल्या, राउटर बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि त्यानंतर शाखेचं काम ठप्प. टेलिकॉमवाल्यांनी तपासून सांगितलं की लाइन चांगली आहे. ते खरंच होतं. मोडेमचे दिवे हिरवे, पीव्हीसी ॲक्टिव्ह. आम्हाला बोलावलं तेव्हा कॅशियर वहीत हाताने नोंदी करत बसलेले, बाहेर रांग.

लॅपटॉप राउटरच्या कन्सोलला लावून पिंग मारलं, म्हणजे पलीकडून उत्तर येतं का ते पाहिलं, तर मजा दिसली. येवल्याहून निफाड लागत होतं. नाशिक लागत नव्हतं. आणि निफाडचा रस्ता तर नाशिकच्याच राउटरमधून! शाखा व्यवस्थापक म्हणाले, “अहो, हे कसं शक्य आहे?” राउटर आत काय करतोय ते दाखवणारा डीबग लावला, तेव्हा नाशिकच्या पत्त्यावर जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटमागे एकच तक्रार: एन्कॅप्स फेल्ड, नो मॅप एन्ट्री. म्हणजे पॅकेट तयार आहे, पण कोणत्या डीएलसीआयवर सोडायचं ते राउटरला ठाऊक नाही.

कारण असं. इन्व्हर्स एआरपी फक्त थेट जोडलेल्या टोकाला विचारते. येवला आणि निफाड यांच्यात पीव्हीसी नव्हतीच, त्यामुळे एकमेकांचे पत्ते त्यांना आपोआप कधीच कळले नसते. आधीच्या माणसाने म्हणून येवल्याच्या राउटरवर हाताने एक ओळ घातली होती: निफाडचा पत्ता, डीएलसीआय २०१. ओळ बरोबरच आहे. पण एखाद्या डीएलसीआयवर आयपीची अशी हाती नोंद केली की सिस्कोचा राउटर त्या डीएलसीआयवर आयपीपुरती इन्व्हर्स एआरपी बंद करतो. नाशिकची आधी शिकलेली नोंद तोवर मेमरीत होती, म्हणून सगळं व्यवस्थित चाललं, सगळे खूश होऊन घरी गेले. शिकलेली नोंद कॉन्फिगरेशनमध्ये साठवली जात नाही. राउटर पुन्हा सुरू झाला तेव्हा निफाडची ओळ परत आली आणि नाशिकची गेली ती गेलीच. सर्व्हर नाशिकला, त्यामुळे निफाड लागून उपयोग शून्य. नाशिकच्या पत्त्याची एक ओळ २०१ वर टाकली, शेवटी ‘ब्रॉडकास्ट’ जोडलं, कारण तो शब्द विसरलात तर राउटिंगचे निरोप त्या मार्गाने जात नाहीत. मग जतन केलं आणि सगळ्यांच्या देखत राउटर बंद करून चालू केला. व्यवस्थापकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण तो बंद करून दाखवल्याशिवाय मी उठणार नव्हतो.

करार त्याच महिन्यात झाला.

तिथून पुढे आम्ही दोन नियम केले. एक, आपोआप शिकलेली प्रत्येक नोंद रजिस्टरात उतरवायची: शाखा, दोन्हीकडचे डीएलसीआय, दोन्ही आयपी, आणि नोंद डायनॅमिक की हाताची. शाखेचा आयपी पत्ता बदलला की मुख्य कार्यालयात जुनी नोंद चिकटून राहू शकते. तेव्हा ‘क्लिअर फ्रेम-रिले इनएआरपी’ करायचं, पण भर दुपारी नाही, कारण सगळ्याच शिकलेल्या नोंदी एकदम जातात आणि पुन्हा शिकेपर्यंत शाखा ओरडतात. दुसरा नियम, नवं काम असेल तर प्रत्येक शाखेला स्वतंत्र पॉइंट-टू-पॉइंट सबइंटरफेस, म्हणजे एकाच पोर्टवर त्या शाखेपुरता वेगळा आभासी पोर्ट. त्यात पलीकडे एकच टोक असल्यामुळे जोडी जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही, शाखा-शाखांमधलं येणंजाणं साध्या राउटिंगने होतं. प्रत्येक जोडणीला चार पत्त्यांचा वेगळा तुकडा खर्ची पडतो, यावर दादा कुरकुरायचा. खासगी पत्ते आहेत, कुठे विकत आणायचेत? आमच्या मते शिकाऊ पुस्तकांत हा प्रकार पहिल्या पानावर हवा होता. तिथे मल्टिपॉइंटचंच, म्हणजे सगळ्या शाखा एकाच पोर्टवर घेण्याचंच, कौतुक फार असायचं.

पुढे शाखा जोडायला टेलिकॉमवाल्यांचं एमपीएलएस आलं, मग ब्रॉडबँडवरचे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारे खासगी मार्ग. फ्रेम रिलेची शेवटची जोडणी आम्हीच उतरवली, राउटर आणि मोडेम जोडणाऱ्या व्ही.३५ च्या त्या जाडजूड केबली भंगारात गेल्या. आज आमचं काम फायरवॉल, वायफाय आणि द्राक्षांच्या पॅकहाउसमधलं नेटवर्क यात आहे. सिन्नरच्या एमआयडीसीतही बरीच गिऱ्हाइकं आहेत. रजिस्टर आता स्प्रेडशीटमध्ये असतं.

करारातलं एक कलम मात्र तेव्हापासून आहे: कोणताही बदल केला की आमचा माणूस यंत्र पूर्ण बंद करून चालू केल्याशिवाय जागा सोडणार नाही. सगळ्यात जास्त घासाघीस याच कलमावर होते. पिंपळगावच्या पॅकहाउसवाल्यांनी तर द्राक्षांच्या हंगामात हे जमणार नाही असं स्पष्ट सांगितलं. मग ठरलं की शेवटचा कंटेनर गेटबाहेर पडला की आम्हाला फोन करायचा, रात्री कितीही वाजले तरी. जानेवारी ते एप्रिल आमच्या पोरांची झोप त्यामुळे अशीच असते, आणि त्याचे पैसे आम्ही वेगळे लावतो.