आईची भिशी

वैशाखात दिंडीतून फोन आला. "ताई, काकींची भिशी भरलेली आहे. गेल्या वर्षी द्वादशीला पंढरपुरातच देऊन गेल्या होत्या. घरातलं कुणी येणार आहे का, की पैसे परत पाठवू?"

आई मार्गशीर्षात गेली. भिशी, म्हणजे पुढच्या आषाढातल्या वारीत दिंडीच्या खर्चाचे पैसे, आदल्या आषाढात भरून ठेवणं हे तिचंच काम. दिवाळीच्या पणत्या ती पितृपक्ष संपायच्या आत आणून भिजत घालायची. "परत पाठवा" म्हणायचं ठरवून मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मी येते."

मी पन्नाशीची, दिवसभर खुर्चीत बसून आकडे जुळवणारी. इतकी वर्षं पुण्यात राहून पालखी म्हणजे माझ्यासाठी बंद रस्ते आणि ऑफिसला पोचायला उशीर. आई दर वर्षी विचारायची, "येतेस का?" मी दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी."

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीत माउलींच्या पालखीचं प्रस्थान झालं. आमची दिंडी रथामागची. विणेकऱ्यांच्या मागे बायकांच्या रांगा, त्यात तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरी जागा आईची. ती कुणी घेतली नव्हती. मी तिथे उभी राहिले तर मागून आवाज आला, "काकींची लेक का? मग जरा बेतानं चाल बाई. तुझ्या आईनं आमचे गुडघे काढलेत."

पुढचे चार दिवस ज्याने त्याने मला आईच्या वेगाच्या तक्रारी सांगितल्या. ती रांग सोडून पुढे जायची, मग विणेकरी बुवा तिला हाक मारून मागे आणायचे. पाण्याच्या टँकरपाशी पहिली तीच. पहाटे तीनला उठून, आंघोळ उरकून बाकीच्यांच्या राहुट्यांच्या दोऱ्या हलवत फिरायची. ऐकताना मला हसू येत होतं. घरी आम्ही याच बाईच्या हाताखाली वाढलो होतो.

पुण्यातले दोन मुक्काम संपले की एकादशीला सासवड. सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात दिवे घाट आणि त्यात उपास! हे वेळापत्रक ज्याने बसवलं त्याला माझा नमस्कार. त्या दिवशी माझी मुलगी सोबत आली होती. घाट चढून वर आल्यावर बायकांनी फुगडीचा फेर धरला आणि तिला आत ओढलं. ती दहाएक वर्षांची असताना आजीने अंगणात तिच्याशी फुगडी घातली होती. नात गरगरून खाली बसली, आजी पदर खोचून विचारत होती, "आता कोण?"

२०२० साली वारी निघाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. आई तेव्हा आमच्याकडे होती, एकाहत्तर वर्षांची. पहिले दोन दिवस ती गप्प होती. तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेली आणि चालायला लागली. त्या दिवसाचा टप्पा असेल तितकं अंतर गच्चीवर. नातीला खडू देऊन पाण्याच्या टाकीवर फेऱ्यांच्या रेघा मारायला बसवलं. सासवडचा टप्पा तिने सकाळ-संध्याकाळ असा दोनदा विभागून केला, तोही नाइलाजाने, कारण खालच्या मजल्यावरून धपधप आवाजाची तक्रार आली. रेघा पावसाने धुतल्या. मुलीने पुन्हा मारल्या.

जेजुरीत भंडाऱ्याने पिवळे होऊन, वाल्हं मागे टाकून आम्ही नीरेला आलो. नीरा नदीत पादुकांना स्नान घालतात आणि पूल ओलांडला की सातारा जिल्हा. म्हणजे आईचं माहेर. पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, हे ती इतक्या अभिमानाने सांगायची की लहानपणी मला ते तिचे चुलते वाटायचे. माझे मामेभाऊ भाकरी, ठेचा घेऊन रस्त्यात उभे होते. दर वर्षीसारखंच. या वर्षी त्यांनी गठुडं माझ्या हातात दिलं आणि कुणीच काही बोललं नाही.

फलटण सोडून आम्ही बरडच्या वाटेला लागलो होतो. माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते. दुपारच्या विसाव्याला लिंबाखाली जेवणं झाली. सगळ्या आडव्या झाल्या आणि मी पाय चोळत बसून राहिले. आईची मुलगी दुपारची झोपली असं कुणी म्हणायला नको होतं. घरी आम्ही तिला दिवसा आडवं पडलेलं कधी पाहिलंच नव्हतं. ताप असला तरी ती पलंगाच्या कडेला बसून लसूण सोलायची.

शेजारच्या मावशींनी एक डोळा उघडला. "पड की गं."

"नको. आई नाही का, कधी दुपारची पडायची नाही."

मावशी उठून बसल्या. "तुजी आय? आगं, ह्याच झाडाखाली घोरायची ती! पाय माज्या मांडीवर टाकून. 'दाब जरा' म्हनायची. आन वर दम, 'घरी सांगू नका हां.'"

मला खरं वाटेना. मी आणखी दोघींना विचारलं. दोघी म्हणाल्या, रोज. वीस दिवस, रोज दुपारी. पालखी हलली तरी उठायची नाही, तोंडावर पाणी मारावं लागायचं.

मी मुलीला फोन लावला. "आजी? झोपायची?" तिचा पहिला प्रश्न होता, फोटो आहे का? नव्हता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि आपण तिला गच्चीवर पळवलं."

तिला मी पळवलं नव्हतं, आपणहूनच चालली होती, हे मी म्हणाले नाही. घरी तिला 'पड जरा' असं कधी कुणी म्हटलं होतं का, हे आठवत राहिले.

पंढरपुराचं फार सांगण्यासारखं नाही. वाखरीची गर्दी, चंद्रभागेत डुबकी, नामदेव पायरीला हात, लांबून कळस. दर्शनबारीत मी उभी राहिले नाही. आईही राहायची नाही, तिला रांग सहन व्हायची नाही.

पण बरडच्या वाटेवरच्या त्या दुपारी फोन ठेवल्यावर मी आईचा प्लास्टिकचा कागद पसरला, पडले आणि पाय उचलून मावशींच्या मांडीवर ठेवले. त्यांनी काही न विचारता दाबायला घेतले. जाग आली तेव्हा तोंडावर पाणी होतं, टाळ पुढे गेले होते आणि मावशी माझ्या चपला हातात घेऊन ओरडत होत्या, "ऊठ गं, हिची पन तीच तऱ्हा!"