संरक्षण आदेश एका कोर्टात, मुलाची भेट दुसऱ्या कोर्टात: माझा अनुभव

कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली (2005) मॅजिस्ट्रेटने संरक्षण आदेश (हिंसा करू नये, संपर्क साधू नये असा मनाई आदेश) दिला आणि मुलाच्या भेटीचा अर्ज मात्र कौटुंबिक न्यायालयात चालू आहे, अशी परिस्थिती असेल तर आधी हे समजून घ्या: एका कोर्टातला कागद दुसऱ्या कोर्टात आपोआप जात नाही. आपणच तो नेऊन दाखल करावा लागतो.

नोटीस, म्हणणं (समोरच्या बाजूचं लेखी उत्तर), समुपदेशकाकडची बैठक हे सगळं सुरळीत झालं. घोडं अडलं ते नक्कल विभागात, म्हणजे कोर्टाच्या कागदांच्या प्रमाणित प्रती जिथे मिळतात तिथे. याच कायद्याचं कलम 24 स्पष्ट सांगतं की आदेशाची प्रत पक्षकारांना विनामूल्य द्यायची. खिडकीवर उत्तर एकच: नकलेचा अर्ज करा, कोर्ट फीचं तिकीट लावा, फाईल आली की बघू. फाईल कोर्टाच्या टेबलावरून खाली उतरत नाही तोवर नक्कल निघत नाही, आणि ती खाली पाठवायची आठवण कुणी करून देत नाही. तिकडे भेटीच्या अंतरिम अर्जावर सुनावणीची तारीख लागलेली असते. तो राग अजून गेलेला नाही, कारण या रखडण्याचा थेट परिणाम मुलाच्या सुरक्षिततेवर होतो.

म्हणून आदेश होईल त्याच दिवशी कलम 24 चा उल्लेख करून प्रत मागा आणि ती मागणी रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत) नोंदवायला सांगा. संरक्षण अधिकाऱ्याचा (या कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) घरगुती घटना अहवाल, म्हणजे हिंसाचाराच्या तक्रारीची त्याने केलेली नोंद, मूळ अर्ज, शपथपत्र आणि रोजनामा यांच्या नकलांसाठी त्याच दिवशी अर्ज टाका. अर्जाचा नंबर लिहून घ्या आणि फाईल खाली पाठवण्यासाठी कोर्टाच्या लिपिकाकडे पाठपुरावा करा. प्रत हाती येईपर्यंत ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावरून आदेश डाउनलोड करा, त्यावर सीएनआर नंबर (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लिहा आणि शपथपत्रासोबत कौटुंबिक न्यायालयात दाखल करा. ती प्रमाणित प्रत नव्हे, पण आदेश अस्तित्वात आहे हे न्यायाधीशांना त्याच तारखेला कळतं. प्रमाणित प्रत नंतर जोडतो, असं त्यातच लिहा.

समुपदेशकाला सगळं सांगितलं म्हणजे ते रेकॉर्डवर आलं, असं धरून चालू नका. हिंसाचाराचा प्रत्येक प्रसंग शपथपत्रात हवा. समोरून हमखास युक्तिवाद येतो की नवरा-बायकोचं भांडण वेगळं, बाप म्हणून तो चांगला आहे. त्याला उत्तर एकच: मुलासमोर काय घडलं ते तारखेनिशी मांडणं. मूल कोणत्या खोलीत होतं, काय ऐकलं, दुसऱ्या दिवशी शाळेत गेलं का, डॉक्टरकडे न्यावं लागलं का. शाळेचा किंवा डॉक्टरांचा कागद असेल तर जोडा.

याच कायद्याच्या कलम 21 खाली मुलाचा तात्पुरता ताबा त्याच मॅजिस्ट्रेटकडेही मागता येतो. भेट मुलाच्या हिताला घातक ठरेल असं मॅजिस्ट्रेटचं मत झालं, तर भेट नाकारलीच पाहिजे, असं त्या कलमाचं परंतुक (कलमाला जोडलेली अट) सांगतं. अर्जात त्याचा शब्दशः उल्लेख करा.

भेट मंजूर झालीच, तर 'वाजवी भेट' एवढ्यावर आदेश सोडू नका. ठिकाण (सुरुवातीला कोर्टातली मुलांची खोलीच मागा), वार, कितीपासून कितीपर्यंत, मुलाला बाहेर नेता येईल का, व्हिडिओ कॉल कधी, हे सगळं लिहून घ्या. मुलाला पोचवणारी व्यक्ती तिसरीच असावी, हेही त्यात हवं. संरक्षण आदेशाने संपर्काला मनाई असेल आणि भेटीचा आदेश दोघांना दारात समोरासमोर आणत असेल, तर दोन्ही आदेश एकमेकांवर आपटतात.

मूल आजारी असेल तर नुसतं घरी ठेवू नका. डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, भेटीआधी लेखी कळवा, पर्यायी तारीख द्या. नाहीतर आदेश मोडल्याचा अर्ज तुमच्याविरुद्ध येतो.

मॅजिस्ट्रेटच्या आदेशावर सत्र न्यायालयात अपिलाला 30 दिवस असतात. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.