दोन टाळ्या

३ नोव्हेंबर, रात्र

बुद्धापुढे टाळ्या वाजवल्या. दोन. चांगल्या खणखणीत. त्यात एवढं काय झालं, असं दुपारपासून स्वतःलाच विचारतेय.

आज संस्कृतिदिनाची सुट्टी. पत्र उघडायचं नाही, फोन उचलायचा नाही, कामाकुराला जायचं, एवढंच ठरवलं होतं. पत्र अजून फ्रीजवरच आहे. तोक्योहून योकोसुका लाइनने तासाभराचा रस्ता. सुट्टीच्या दिवशी नऊच्या आत पोचलं तर ठीक, नंतर नुसती डोकी बघायची.

आधी त्सुरुगाओका हाचिमांगू. शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्मातल्या देवाचं देऊळ ते जिंजा. जिंजात शिरताना हात धुणं आलं. लांब दांड्याचं ओगराळं ठेवलेलं असेल तर एकदाच भरून घ्यायचं आणि सगळं तेवढ्यातच उरकायचं. उजव्या हातात धरून डावा हात धुवायचा, मग डाव्यात घेऊन उजवा. परत उजव्यात घेऊन डाव्या ओंजळीत पाणी, त्याची चूळ. ओगराळ्याला ओठ लावायचे नाहीत. पुन्हा डावा हात, आणि शेवटी ओगराळं उभं करून उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळू द्यायचं, म्हणजे पुढच्या माणसाला दांडा स्वच्छ मिळतो. नवखा माणूस पहिल्या हातावरच अर्धं संपवतो आणि चुळीला पाणी उरत नाही. करोनापासून पुष्कळ ठिकाणी ओगराळी गेली, बांबूतून धार पडते, तिच्याखाली हात धरले की झालं. सोपं आहे, पण मजा गेली.

मग ६१ पायऱ्या. बाजूला २०१० च्या मार्चमध्ये वाऱ्याने कोसळलेल्या जुन्या गिंकोचा बुंधा, त्याला आलेले नवे फुटवे. शिचि-गो-सान, म्हणजे सात-पाच-तीनच्या सणासाठी आलेली तीन, पाच, सात वर्षांची मुलं किमोनो घालून, हातात लांब कांड्यांच्या गोळ्यांची पिशवी घेऊन फोटोला उभी. एका पाच वर्षांच्या साहेबांना झोप आली होती. त्यांच्याकडे फार वेळ बघत बसले नाही.

वर गेल्यावर पाच येनचं भोकाचं नाणं पेटीत टाकलं. पाच येन म्हणजे गो-एन, आणि ऋणानुबंधालाही गो-एनच म्हणतात, म्हणून ते नाणं. मग दोनदा कमरेतून वाकायचं, हात जोडायचे, उजवा तळवा बोटाच्या एका पेराएवढा खाली सरकवायचा, दोन टाळ्या, बोटं पुन्हा जुळवायची, मागणं मागायचं, एकदा वाकायचं. तळवा सरकवला नाही तर टाळी बसकी येते. मला हे छान जमतं. इथल्या सहा वर्षांत जे काही जमलं त्यातलं हे एक. तेच नडलं.

तिथून एनोदेनने हासे, कामाकुराहून तिसरं स्टेशन. १९०२ साली सुरू झालेली इवलीशी गाडी, घरांच्या परसांतून वाट काढत जाणारी. सुट्टीच्या दिवशी रांग फाटकाबाहेर दिसली तर सरळ चालत सुटावं, अर्ध्या तासात पोचतो माणूस. मी रांगेत उभी राहिले. तेवढ्या वेळात दोनदा जाऊन आले असते.

कोतोकुइनचा महाबुद्ध हा ओतेरातला, बौद्ध मंदिरातला. ओतेरात टाळी नसते. हात जोडायचे, मान लववायची, गप्प राहायचं. हे मला माहीत नाही का? पण तासाभरापूर्वीच्या टाळ्या हातातच होत्या. समोर तो ११ मीटर उंच, हिरवट, खाली बघणारा चेहरा, आणि हात आपोआप वाजले.

एवढ्यावर भागलं असतं. माझ्यामागे एक परदेशी कुटुंब उभं होतं. परदेशी म्हणजे, माझ्यासारखंच. सात-आठ वर्षांचा मुलगा माझ्या हातांकडे टक लावून बघत होता. त्याने उजवा तळवा एक पेर खाली सरकवला. अगदी नेमका. आणि दोन टाळ्या दिल्या. मग आईने. मग आजोबांनी छडी काखेत धरून. त्यांच्यामागच्या दोघींनी तर व्हिडिओ काढत काढत.

कोणी काही बोललं नाही. झाडू मारणारे काका एकदा बघून परत पानं गोळा करायला लागले.

मी तरी का गप्प बसले? त्या आईला सांगता आलं असतं, की अहो, चुकलं माझं, इथे वाजवत नाहीत. वाक्य तयारही होतं. पण ती हसून मान लववून गेली, एखाद्या जाणकार बाईचे आभार मानावेत तशी.

आत ५० येन देऊन बुद्धाच्या पोटात उतरता येतं. १२५२ साली ओतायला सुरुवात झाली, थरावर थर चढवत. ते सांधे आतून दिसतात, ओबडधोबड, गोधडीच्या टाक्यांसारखे. १२१ टनांचं हे धूड, डोक्याचा भार मानेवर. १९६०-६१ च्या दुरुस्तीत मान आतून फायबरच्या अस्तराने मजबूत केली, आणि भूकंपात पुतळा मोडण्यापेक्षा थोडा सरकावा म्हणून बुडाखाली स्टेनलेस स्टीलचा पत्रा घातला. पोटात उभी राहून वर मानेकडे बघत होते आणि डोक्यात एकच, ते काका बोलले का नाहीत.

हे नेहमीचंच आहे. इथे चुकीचं कुणी सांगत नाही. आपल्याकडे महादेवाला कुणी पूर्ण प्रदक्षिणा घालायला निघालं, की पन्हळीपाशी एखादी आजी हाताला धरून मागे फिरवतेच, "अगं ए, ओलांडू नकोस!" राग येतो, पण त्या आजीने मला आपल्यात धरलेलं असतं. इथे सहा वर्षांत मला कुणी मागे फिरवलं नाही. मी किती ठिकाणी काय काय ओलांडून आले असेन, देव जाणे. गेल्या वर्षी त्या समारंभात... असो. पाहुण्याला कुणी बोलत नाही. सहा वर्षांची पाहुणी! डोळ्यांत पाणी आलं, तेही बुद्धाच्या पोटात, म्हणजे मागे रांग खोळंबलेली असताना. बाहेर पडले.

पुतळ्यामागच्या बागेत योसानो आकिको या कवयित्रीच्या कवितेचा दगड आहे. कामाकुराचा हा शाक्यमुनी बुद्ध असला तरी काय देखणा पुरुष आहे, असं काहीसं तिने म्हटलंय. फक्त हा शाक्यमुनी, म्हणजे गौतम बुद्ध नाही, अमिताभ नावाचा वेगळा बुद्ध आहे. मोठ्या कवयित्रीची चूक, तीही त्याच बुद्धाच्या पाठीशी दगडात कोरून ठेवलेली. मी हसले. बराच वेळ तिथेच उभी होते. माझ्या टाळ्या निदान हवेत तरी विरल्या.

जेवायला शिरासू, म्हणजे मांदेलीच्या जपानी भाऊबंदांची बोटभरही नसलेली पिल्लं. कच्ची त्या दिवशी मासेमारी झाली असेल तरच मिळतात, दाराबाहेर पाटी लावतात. आज पाटी होती. नवं काही करायचं म्हणून मागवली. प्रत्येकाला दोन डोळे. पुढच्या वेळी उकडलेली.

मग बोगद्याशेजारच्या पायऱ्या चढून डोंगरातली वाट धरली. झेनिआराई बेन्तेनपर्यंत पाऊण तास. वाट अवघड नाही, पण झाडांची मुळं उघडी पडलीत आणि पावसानंतर साबणासारखी होतात. मुळावर पाय द्यायचा नाही, दोन मुळांमधल्या मातीवर द्यायचा. गुळगुळीत तळव्याचे बूट घालून येणारे उतारावर हमखास बसतात. तीन जण बसलेले पाहिले. चौथी मी.

बेन्तेन म्हणजे बेन्झाइतेन, म्हणजे आपली सरस्वती. नावातलं 'झाइ' आधी गुणाचं होतं, मग उच्चार तोच ठेवून अक्षर धनाचं झालं. सरस्वतीबाईंकडे इथे लक्ष्मीचं खातंही आलं. मलाच परक्या देशात जास्तीचं काम पडतं असं नाही. खडकातल्या बोगद्यातून आत गेलं की मेणबत्ती-उदबत्ती घ्यायची, सोबत बांबूची टोपली मिळते. टोपलीत पैसे ठेवून गुहेतल्या झऱ्याचं पाणी घालायचं, धुतलेले पैसे अनेक पटींनी वाढतात. नाणी खुशाल भिजवावीत. नोटेच्या मात्र कोपऱ्यावर चार थेंब पुरे. माझ्या हजाराच्या नोटेवर ओगराळंभर पडलं. आणि हे पैसे जपून ठेवायचे नसतात, खर्च करायचे असतात.

नमस्काराला उभी राहिले तर शेजारी एक जपानी तरुण. उदबत्तीचा धूर बघून तो घोटाळला होता. हे जिंजाच, पण उदबत्ती ओतेरातली. त्याने हात जोडले, थांबला, आणि तिरक्या नजरेने माझ्या हातांकडे बघायला लागला. मीही त्याच्याच हातांकडे बघत होते. बराच वेळ गेला. मग मी वाजवल्या. तोही वाजवता झाला. इथे त्या बरोबर होत्या.

आता नोट शब्दकोशाखाली वाळतेय, एक कोपरा वळलाय. महाबुद्धाकडून बाहेर पडताना ती आई आजोबांना सांगत होती, उद्या सकाळी क्योतो, तीन दिवस. क्योतोत १६०० च्या आसपास बौद्ध मंदिरं आहेत म्हणतात. आणि तो मुलगा तळवा फार सुरेख सरकवतो.