चौदा सेंट

गुरुवार होता. म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली वीज जाण्याचा वार. गुरुवारी मी रेकॉर्डिंग घेतच नाही; फायली लावणं, केबली तपासणं असली घरकामं उरकतो. पण या बँडच्या चौघांपैकी तिघं हिंजवडीत नोकरीला. ज्या दिवशी सगळ्यांची रजा जुळेल तो दिवस आपला. सकाळी दहाला नारायण पेठेतल्या माझ्या तळघरात चौघंही हजर झाले.

त्यांचा हा पहिला अल्बम. नऊ गाणी. अल्टरनेटिव्ह मेटल, पण चाली अशा की ऐकणाऱ्याच्या तोंडात बसाव्यात. गिटारवाला पहिल्याच दिवशी दोन नमुने घेऊन आला होता, कॉर्न या अमेरिकन बँडचा १९९४ चा पहिला अल्बम आणि डेफ्टोन्स या दुसऱ्या बँडचा १९९५ चा. 'खालचा आवाज असा हवा,' म्हणाला. २०१० साली कोरेगाव पार्कात एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हापासून मी या पोरांच्या केबली ओढतोय. खालचा आवाज कसा काढायचा ते मला येतं. वरचं काय, ते त्या गुरुवारी कळलं.

गायिका शास्त्रीय गाण्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झालेली, अजूनही आठवड्यातून दोनदा बाईंकडे शिकायला जाणारी. मी त्याआधीच्या प्रवेशिकेलाच क्लास सोडला, त्यामुळे मला गाण्यातलं कळतं असं कुणाला सांगत नाही. मला कळतं ते स्क्रीनवर दिसतं तेवढं. आणि आदल्या रात्री स्क्रीनवर दिसत होतं की पाचव्या गाण्याच्या ध्रुवपदात हिचा लांबवलेला शुद्ध गंधार उतरता लागतोय. दहा-पंधरा सेंट. शंभर सेंट म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर, तेव्हा चूक तशी मोठी नव्हे, पण दिसली की हात शिवशिवतात. मी पिच करेक्शन, म्हणजे सूर सरकवून जागेवर आणणारं सॉफ्टवेअर, लावून सगळे गंधार रेषेवर आणून बसवले आणि एक वाजता घरी गेलो. गाण्यात तो गंधार सोळा वेळा येतो, आणि सोळाच्या सोळा वेळा ती तेवढीच खाली होती. शंका तिथंच यायला हवी होती. बेसूर गाणारा माणूस इतक्या नेमानं बेसूर होत नाही.

सकाळी ध्रुवपद सुरू झालं आणि तिनं हेडफोन उतरवला.

"दादा, माझा गंधार कुठे गेला?"

"जरा सरळ केलाय. उतरत होता."

"उतरत नव्हता हो. तो तिथंच असतो."

गिटारवाल्यानं माझी बाजू घेतली. त्याच्या फोनमधल्या ट्यूनरवर तिला सूर धरायला लावला, काटा डावीकडेच. "बघ, कणसूर." ती चिडली नाही, आणि खरं तर त्याचंच मला जास्त अवघडलं. ती म्हणाली, "बाकी सगळं बंद करा. फक्त याच्या गिटारीचा तो लांब कॉर्ड लावा. डिस्टॉर्शनसकट."

गाण्याचा सा पांढरी एक, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी. गिटारीची जाडी तार उतरवून त्याच पांढरी एकवर आणलेली, दोन सप्तकं खाली. मेटलचा गिटारवाला पॉवर कॉर्ड वाजवतो, म्हणजे नुसते सा आणि प. गंधार तो मुद्दाम टाळतो. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजात, तिसरा सूर घातला की सगळं किरकिरतं. त्यामुळे कॉर्ड कोमल गंधाराचा की शुद्ध, हे गिटार सांगतच नाही. ते गळ्यावर सोडलेलं असतं.

कॉर्ड वाजला. "ऐका, त्यात आहे की," म्हणाली आणि त्यातूनच सूर उचलून तिनं आ लावला. गिटार आणि गळा यांच्यामधली फट मिटली. तारा जुळलेल्या तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार, म्हणजे कुणी न छेडता आपोआप उमटणारा गंधार, ऐकू येतो म्हणतात, ते मी पंधरा वर्षं मान डोलावून मान्य करत आलो होतो. मार्शलच्या अँप्लिफायरमधून तो येईल अशी कल्पना नव्हती.

मला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. आवाजातले सूर आकड्यांत दाखवणारा ॲनालायझर लावला. सा ६५.४ हर्ट्झवर, पंचम ९८.१ वर. डिस्टॉर्शन काय करतं, तर दोन सुरांची बेरीज-वजाबाकी करून नवे सूर जन्माला घालतं. बेरीज १६३.५. तिथं खरोखरच एक शिखर उभं होतं, कुणीही न वाजवलेलं. तो गंधार. पेटीच्या पट्टीवरचा गंधार १६४.८ वर असतो. फरक चौदा सेंट. वरच्या सप्तकात, जिथं ती गात होती, तिथं ही तफावत सेकंदाला अडीच-तीन हेलकाव्यांची होते, म्हणजे दोन जवळचे सूर एकत्र वाजले की आवाज तितक्या वेळा लहानमोठा होतो. काल रात्री सूर रेषेवर आणताना ती मीच घातली होती.

"बाई पेटी लावूच देत नाहीत," ती म्हणाली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली, त्यामागच्या तक्रारींतही ही एक होतीच, की पेटीचे सूर जागेवरून हलत नाहीत. बंदी सैल व्हायला सत्तरचं दशक उजाडलं. आणि इथं मी, पुण्यात बसून, गाणारीचा गंधार पेटीला बांधत होतो.

एवढ्यात वीज गेली. यूपीएसवर मी सोळाही दुरुस्त्या काढून टाकल्या. लाजेत हात भराभर चालतात.

वीज आली तेव्हा एकच अडचण उरली होती. ध्रुवपदात मागे स्वच्छ गिटारीचे सुटे सूर होते, त्यात पट्टीचा गंधार. तो आता तिच्या गंधाराला नखं लावत होता. तो सूर फक्त बारीक तारेवर यायचा, दुसऱ्या पडद्यावर. म्हटलं, तेवढी तार चौदा सेंट उतरव.

"मुद्दाम बेसूर करू?" गिटारवाला.

"मुद्दाम सुरात कर," ती.

त्याने ट्यूनर फोनसकट खिशात घातला. ती समोर उभी राहून सूर धरत होती, तो खुंटी केसाएवढी फिरवत होता. ड्रमर दार धरून उभा, चहाचे ग्लास हातात तसेच. चौथ्या-पाचव्या फिरकीला हेलकावे मंदावले आणि थांबले. कुणी काही बोललं नाही. मी घाईघाईनं रेकॉर्डचं बटण दाबलं, तार परत चढायच्या आत.

सहावं गाणं घेतलं तेव्हा पहिल्याच ओळीत काहीतरी खुपलं. दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. गिटारवाला केबलीवर संशय घेऊ लागला, मी माइकवर. आतल्या खोलीतून ती ओरडली, "अरे, तो गंधार परत चढव!"